गाबेसची गाडी

एम्नाने कादंबरी टेबलावर आपटली, तशी बदामाच्या बिस्किटांची ताटली खणकली.

"तीनशे पानं! तीनशे पानं नवरा घरातल्या वस्तू हलवतोय, 'तूच विसरलीस' म्हणून बायकोला वेडं ठरवतोय, आणि बाईसाहेबांना पत्ता नाही. आपण काय दूधखुळ्या आहोत?"

"मला तर खाली ठेववेना," रफीका म्हणाली. "त्या नादात रस्सा करपला. घरात सगळ्यांनी जळका रस्सा खाल्ला."

"जळका तर ते रोजच खातात," एम्ना म्हणाली.

तिघी स्फाक्स शहरातल्या एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेल्या. पुढे हायातने एम्नाच्या भावाशी लग्न केलं आणि मैत्रिणीची वहिनी झाली. महिन्याला एक पुस्तक वाचून त्यावर भांडायचं, हा तिघींचा जुना नेम. हायात इतक्यात फिरकलीच नव्हती, म्हणून आज दोघी तिच्याच घरी आल्या होत्या.

"वहिनी, तू बोल की. वाचलंस तरी का?"

हायातने खुर्चीच्या पाठीला टेकलेलं डोकं उचललं नाही.

"वाचलं. मला तो नवरा खरा वाटला नाही."

"नवरा? अगं, बायको म्हण."

"नवराच. तो दमत कसा नाही? सकाळी काय सांगितलं ते संध्याकाळी लक्षात ठेवायचं, चेहरा सांभाळायचा, वर आवाज गोड. लेखकाने त्याला एकदासुद्धा जांभई देऊ दिली नाही."

रफीका हसायला लागली आणि मध्येच थांबली. दारात हायातचा नवरा मोंजी उभा होता. बंदरावर मासळीचा लिलाव पुकारण्यात या माणसाचा जन्म गेला. त्याचा आवाज एकेकाळी धक्क्याच्या टोकापर्यंत ऐकू जायचा.

"बशीर आला का गं?" त्याने हळूच विचारलं.

"गाबेसची गाडी लेट आहे," हायात लगेच म्हणाली. "संध्याकाळपर्यंत येईल. तू अंगणात बस, चहा आणते."

मोंजीने मान हलवली आणि तो गेला.

एम्ना दाराकडे बघत राहिली. बशीर तिचाही भाऊ, तिघांत थोरला. त्याला जाऊन कैक वर्षं झाली होती. मोंजीनेच खांदा दिला होता. अलीकडे ईदला मोंजी नुसती मान हलवत बसायचा. वय झालं, एवढंच तिला वाटलं होतं.

"हे कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि तू त्याला असं सांगतेस? आमच्या मेलेल्या भावाची गाडी लेट आहे म्हणून?" एम्नाने पुस्तकाकडे बोट केलं. "मग याच्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला?"

"एम्ना!" रफीका म्हणाली.

"बोलू दे तिला." हायातचा आवाज चढला नाही. "आधी खरं तेच सांगायचे. दर वेळी त्याला ते पहिल्यांदाच कळायचं. एकदा इतका रडला, की शेजारी धावत आले. मग एक दिवस माझ्या तोंडून ती गाडी निघाली, आणि तो गप्प झाला."

"मी सांगते त्याला. सख्ख्या बहिणीचं ऐकेल."

एम्नाने पेल्यात चहा ओतला आणि ती बाहेर गेली. हायात अर्धवट उठली, पुन्हा बसली. कुणाला अडवण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

मोंजी लिंबाच्या झाडाखाली बसला होता. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला.

"दादा," एम्ना त्याच्याजवळ बसली. "बशीरदादा येणार नाही."

"माहीत आहे मला."

एम्नाने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"आपणच नाही का ठेवून आलो त्याला? केवढा वारा होता. तुझा रुमाल उडाला, मी धावलो मागे."

"मग वहिनीला विचारतोस कशाला?"

त्याने चहावर फुंकर घातली.

"दिवसभर काय काय विचारतो मी तिला. आज वार कोणता. संडास कुठे. परवा म्हणे तिलाच विचारलं, तू कोण. तिचा चेहरा बघवत नाही गं. पण बशीरचं विचारलं, की तिच्याकडे उत्तर तयार असतं. पटकन देते. तेवढाच तिला आराम." त्याने एक घोट घेतला. "रोज आठवतंच असं नाही. आठवतं त्या दिवशीही विचारतो."

मग तो चहा पीत राहिला. एम्नाने डोळे पुसले, आणि बऱ्याच वेळाने ती आत आली.

"रडला?" हायातने विचारलं.

"नाही."

"सांगितलंस?"

"धीर नाही झाला गं." एम्ना खाली बघून खुर्ची ओढू लागली. "गाडी कधी येणार म्हणून विचारत होता."

"मग?"

"लेट आहे म्हटलं."

"बरं केलंस," हायात म्हणाली, आणि बसल्या जागीच तिचा डोळा लागला. रफीका काहीतरी विचारणार, तोच एम्नाने ओठांवर बोट ठेवलं.