पाचवं शिखर

पूर्णिमाने मेदाम्लं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रातून सरकत आलेला कागद टर्रकन फाडला, टेबलावर पसरला आणि रेघेच्या एकेका शिखराखाली पेन्सिलीने मेदाम्लांची नावं लिहू लागली. चार नावं झटपट लिहून झाली. पाचव्यापाशी पेन्सिल थांबली.

ते शिखर होतं लिनोलेइक आम्लाचं, आणि त्याला तिथे काहीच काम नव्हतं. यीस्टच्या पेशीला हे आम्ल स्वतः बनवताच येत नाही. ते सापडलं, म्हणजे कुणीतरी बाहेरून खाऊ घातलेलं असणार.

पुण्यातल्या या प्रयोगशाळेत शहाण्णव साली पूर्णिमाचं यीस्ट म्हणजे कौतुकाचा विषय होता. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल सोडतं आणि शेवटी स्वतःच सोडलेल्या अल्कोहोलमध्ये मरतं. पेशीच्या पापुद्र्यात कुठली मेदाम्लं किती, यावर त्याची सहनशक्ती ठरते. पूर्णिमाने अतिनील किरणांखाली धरून घडवलेलं यीस्ट साध्या यीस्टपेक्षा कितीतरी जास्त अल्कोहोल सोसत होतं. वर्ध्याहून आलेल्या या मुलीचा पीएच.डी.चा प्रबंध त्यावरच उभा होता. नोकरीही. टाक्यांतलं यीस्ट लवकर मरतं म्हणून हैराण झालेले सर्जेराव जगदाळे नावाचे एक डिस्टिलरीमालक गुरुवारी तिचं यीस्ट न्यायला आणि तिला नेमणुकीचं पत्र द्यायला येणार होते. आज सोमवार होता.

ती मागच्या खोलीत गेली. प्रयोगशाळेतले मदतनीस दत्तोबा यीस्टला खाऊ घालायचं उसाच्या मळीचं पाणी उकळायला ठेवत होते. तिचे सगळे चंबू तेच भरून देत.

"दत्तोबा, मळीत तुम्ही आणखी काही घालता का?"

"फेस लई येतो म्याडम. कुकर उतू गेला की तुम्हीच वराडता." दत्तोबांनी हात पुसले. "आमचं धायरीला गुऱ्हाळ व्हतं. कढई वर आली की तेलाचं बोट लावायचं, गप खाली बसती. तसंच करतो."

"कुठलं तेल?"

"करडीचं. घरचंच हाय, चांगलं हाय."

"कधीपासून?"

"या खोलीत बदली झाल्यापासनं. दोन वर्सं व्हतील." मग तिचा चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली आला. "चुकलं का काय माझं?"

करडीचं तेल म्हणजे लिनोलेइकचं कोठारच. ओरडावं असं पूर्णिमाला फार वाटलं, पण ओरडणार कुणावर? साध्या यीस्टचे आकडे तिने पहिल्या वर्षी घेतले होते, दत्तोबा इथे यायच्या आधी, म्हणजे तेलाविना. ते पुन्हा तपासायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. आपलं यीस्ट भारी आहे याची तिला खात्रीच तेवढी होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आता मी सांगते तसं करा. साध्या यीस्टच्या चंबूंना तेल लावा. माझ्या यीस्टच्या चंबूंना अजिबात नको."

तिचे मार्गदर्शक माधवसर यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"म्हणजे दोन वर्षं आपण यीस्टला तेल पाजत होतो. फोडणी तेवढी राहिली." चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "जगदाळ्यांना काय सांगणार आहात?"

"जे दिसेल ते."

गुरुवारी सकाळी तिने दोन्ही नमुन्यांत निळा रंग घालून ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. या रंगात मेलेल्या पेशी निळ्या होतात. तिचं यीस्ट जवळजवळ सगळं निळं झालं होतं. तेल मिळालेलं साधं यीस्ट मात्र स्वच्छ, बिनरंगाचं, मजेत होतं. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. मग तिने तोंड धुतलं आणि आकडे नीट उतरवून काढले.

सर्जेराव अकराला आले, यीस्ट न्यायला बर्फाचा डबा घेऊन. पूर्णिमाने त्यांना बसवलं आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं. माधवसर खिडकीशी उभे राहून ऐकत होते.

"तेल?" सर्जेराव म्हणाले. "अहो ताई, फेसावर शेंगदाण्याचं तेल तर आम्ही वडिलांच्या वेळेपासून घालत होतो."

"घालत होता? त्यातही लिनोलेइक असतं. आता नाही घालत?"

"ब्याण्णवला बंद केलं. आयात मोकळी झाली, सिलिकॉनचं औषध मिळायला लागलं. जरासं टाकलं की फेस गप्प. टाक्या चिकट होत नाहीत, काही नाही."

"आणि तुमचं यीस्ट लवकर मरायला कधीपासून लागलं?"

सर्जेरावांनी बोटांवर वर्षं मोजली, ती ब्याण्णवपाशी येऊन थांबली. या चार वर्षांत त्यांनी यीस्ट बदललं होतं, मळी बदलली होती, दोन केमिस्टही बदलले होते.

"म्हणजे मला तुमचं यीस्ट नको," ते सावकाश म्हणाले.

"नको. ते साधंच आहे."

"मग ताई," त्यांनी खिशातलं पत्र बाहेर काढलं, पण पुढे केलं नाही, "तुम्हाला पगार कशाबद्दल द्यायचा?"

"हे सांगितल्याबद्दल."

माधवसर उगीचच खोकले. सर्जेरावांनी पायाने बर्फाचा डबा बाजूला सारला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"टाकी साठ हजार लिटरची आहे," ते म्हणाले. "तेल किती लागेल?"