नमद्यात गुंडाळलेली डिस्क

डोंगरातल्या नारिन शहराच्या बाजारात लोखंडी कंटेनरांची रांग आहे. त्यातल्या एका कंटेनरात केंजेगुल बंद पडलेली यंत्रं उघडून बसते. त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं की समोरचा मटणवाला नुसता आवाजापुरता उरला होता.

धुक्यातून सबीरा-आपा आत आल्या. कोटाची बटणं सोडून त्यांनी छातीशी धरलेलं गाठोडं टेबलावर ठेवलं. पांढऱ्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाच्या, तीन घड्या, आणि आत हाताच्या पंजाएवढी काळी डिस्क.

"बोलत नाही गं ही."

"कधीपासून?"

"परवापासून. आधी गरम झाली, मग टकटक केली, मग गप्पच."

केंजेगुलनं वायर बदलून पाहिली, दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली. दिवा लागेना. डिस्क तिनं कानाशी धरली. आत बर्फाखालच्या नदीसारखी शांतता होती.

"आपा, चालू असतानाही ही नमद्यात होती?"

"मग उघडी टाकू? घरात बादलीतलं पाणी गोठतंय. कोकरू जन्मलं की आपण नमद्यातच गुंडाळतो ना?"

"कोकरू गारठून मरतं. ही उकडून मरते."

"मला कुणी सांगितलं होतं ते?"

कुणीच नाही. राजधानीतून प्रकल्पवाले आले होते. आपांची जाऊ उमसुनाय हिनं आयुष्यभर कापलेले कागदी नमुने त्यांनी मागितले. त्या नमुन्यांवर नमदे कापून अख्खं गाव शिर्दक, म्हणजे नक्षीचे गालिचे, शिवायचं. फोटो काढून झाल्यावर त्यांचे साहेब डिस्क आपांच्या हाती देत म्हणाले, आता सगळं या डबीत आहे, कागदाचं काम संपलं. त्याच हिवाळ्यात उमसुनाय गेली आणि आपांनी कागद चुलीत घातले. डबी नुसती चालू ठेवून त्या दिवा बघायच्या, आतलं काही उघडून पाहिलं नव्हतं. शिकलेली माणसं बोलली ना, मग खरंच असणार. मान डोलावणारे आपण मूर्ख, पण डोलावायला लावणारे हरामखोर, आणि ते मात्र बढती घेऊन गेले.

"आतून मेली असेल तर?" आपांनी विचारलं.

"तर नमुने गेले. खोटं नाही सांगत."

केंजेगुलनं कवच उघडलं. वायर जोडायची छोटी पट्टी जळून तपकिरी झाली होती. तिनं ती काढून टाकली, डिस्क मोकळी केली आणि तशीच उघडी आपल्या यंत्राला जोडली.

आधी काही नाही. मग आत काहीतरी फिरू लागलं, दूर डोंगरापलीकडे घोडे चालल्यासारखं. आपांनी डोळे मिटले. दोघींच्या श्वासाची वाफ पडद्यासमोर मिसळली आणि त्या वाफेतून चित्रं वर येऊ लागली. मेंढ्याची शिंगं, पक्ष्याचे पंख, उन्हाळी कुरणातल्या वाटा. एकेक नक्षी उमलायची आणि विरायची.

केंजेगुलनं एक चित्र मोठं केलं. नक्षी फुटली, नुसते चौकोन उरले. दुसऱ्यात साहेबाचा अंगठा. तिसरी अर्धी कापलेली. तिनं सगळी उघडून पाहिली. ज्यावरून नमदा कापता येईल असं एकही नव्हतं.

"डिस्क वाचली आपा," ती म्हणाली, "पण त्या गाढवांनी धड फोटोच काढले नव्हते."

पडद्यावरच्या तुटलेल्या शिंगावर आपांनी बोट ठेवलं आणि शिंग संपलं तिथून बोट पुढे काचेवरून सरकवत नेलं. वळण घेतलं, आत आलं, थांबलं.

"इथे उमसुनाय नेहमी श्वास घ्यायची," त्या म्हणाल्या. "मग डावीकडे. माझा हात थरथरतो. तुझा थरथरतो का?"

"नाही."

"मग कात्री घे."

केंजेगुलनं एका खोक्याचा पातळ पुठ्ठा फाडला.

"अशी काय बसलीस? आधी चार घड्या घाल, म्हणजे नक्षी चारी बाजूंना सारखी येते. तुझ्या आईनं काहीच शिकवलं नाही वाटतं."

केंजेगुलनं चार घड्या घातल्या. बाहेर मटणवाला कुणाला तरी शिव्या देत होता. पडद्यावर एकेक नक्षी सरकत होती, आणि आपा बोटानं पुढचं वळण दाखवत होत्या.