एका माशापुरता स्किमर

"एवढ्याशा नळकांड्याने काय होणार? त्यापेक्षा मीच फुंकर मारत बसतो," हे माझ्या कानाशी पुटपुटले.

माशांच्या दुकानात काउंटरवर दोन स्किमर होते, एक लहान आणि एक मोठा. खाऱ्या पाण्यात बुडबुडे सोडून घाण फेसाबरोबर वरच्या कपात जमवायची, एवढंच त्यांचं काम. आमचा जुना जळला होता. माशांची टाकी लेकीची, ती नोकरीसाठी दूर गेली आणि टाकी आमच्याकडे राहिली.

"टाकी मोठी आहे, मोठाच द्या," हे दुकानदाराला म्हणाले.

"टाकीचं कळलं, काका. मासे किती?"

"येतील की."

"आज किती आहेत?"

हे छताकडे बघायला लागले. "एक," मी म्हटलं.

"मग मोठा उपयोगाचा नाही. एका माशाची घाण ती किती! फेस कपापर्यंत चढणारच नाही."

मला पटलं. दोघांपुरतं दूध मी अजून मोठ्या पातेल्यात तापवते आणि रोज बूड खरवडत बसते.

पण हे इरेला पेटले. "लेक आली की ढीगभर मासे आणेल. तिची खोलीसुद्धा तशीच ठेवलीय आम्ही!"

फोनवर ती दर वेळी 'बघू' म्हणते. पुढचं आम्ही दोघंही विचारत नाही.

यांनी मोठा खोका काखेत मारलाच होता. मी तो हळूच सोडवून घेतला.

"लहानच घेऊ या," मी म्हटलं. "अहो, ती आता परत येणार नाही."