खंडेनवमीची हातोडी

खरं तर मी हे कुणाला सांगायचं नव्हतं. चाकात ऐकू आलेलं बाहेर बोलायचं नाही, उतारू घाबरतात, अशी रेल्वेच्या साहेबाने माझ्या धाकूला ताकीद दिली आहे. पण आज मला गप्प राहवत नाही.

मी एक हातोडी. आंबिवलीच्या लोहाराने मला घडवलं आणि बाभळीचा दांडा बसवला. गेली अकरा वर्षं मी कल्याण स्टेशनात धाकूच्या हातात आहे. गाडी थांबली की धाकू वाकतो आणि प्रत्येक चाकावर चढवलेल्या लोखंडी कड्यावर, म्हणजे धावेवर, मला हलकेच आपटतो. धड धाव घंटेसारखी वाजते. भेगाळलेली धाव फुटक्या मडक्यासारखी.

कसाऱ्याच्या गाडीच्या चौथ्या डब्याची एक धाव श्रावणापासून बद्द वाजू लागली. डोळ्यांना काहीच दिसेना. पण लोखंड एका खेपेत मोडत नाही. प्रत्येक खेप त्याला आतून केसभर उसवते. माझा टोला पडला की आत कुणीतरी श्वास घेई, आणि मी बाजूला झाले तरी तो थांबत नसे.

"दसऱ्याच्या पुढं ही जात नाय," धाकू म्हणाला.

"वैद्यबुवा, लोखंडाची नाडी बघता काय?" मुकादम गोपीनाथ हसला. डबा धावतच राहिला.

आज खंडेनवमी. आज हत्यार पुजायचं, उचलायचं नाही. सकाळपासून मी फलाटालगतच्या खोलीत पाटावर पडून आहे, कपाळी कुंकू, दांड्याला झेंडू. दुपारची कसाऱ्याची गाडी आली, पण तिची चाकं कुणीच वाजवली नाहीत. धाकूची लेक गोदा सासरी निघाली होती. ती नेमकी चौथ्या डब्यात चढली.

बाहेर रणरणतं ऊन होतं. एकाएकी सगळा गलका थांबला. त्या शांततेत ती धाव वाजली. कुणी हात लावला नसताना. एकदाच, बद्द.

"गोदे, उतर खाली!" धाकू ओरडला.

"आबा, येड लागलंय काय? उद्या दसरा. सासू काय बोलंल?"

"वाजवून दाखव, मग थांबवतो गाडी," गोपीनाथ म्हणाला. "पण पूजेतलं हत्यार उचलशील?"

आता धाकू आत येऊन पाटाशी वाकला आहे. त्याचा घामाने ओला हात माझ्या दांड्यावर आला, झेंडू गळून पडला. त्याला एक ठाऊक नाही. अकरा वर्षांच्या टोल्यांनी माझ्याही डोक्यात तसाच श्वास चालू झाला आहे. मला फुटायला एकच टोला पुरेल. ती फुटेल नाहीतर मी, पण गोदा त्या डब्यातून उतरेल...

"चल गं बाय, माफ कर!" म्हणत धाकूने मला पाटावरून उचललं.