लग्नाला आलेला भाऊ

मासळीच्या शीतगृहात सार्डिनची खोकी भिंतीकडे सरकवून मधे एक फळी टाकली होती आणि फळीवर नाझिकेचा मुलगा फातोस निजवला होता. अंगावर चादर नव्हती. विसरले असतील किंवा मुद्दाम घातली नसेल, देव जाणे. पण त्या काळी अल्बानियात देवावरही बंदी होती, त्यामुळे त्याला विचारायची सोय नव्हती.

"मावशी, नीट बघा," कॉम्रेड रापो म्हणाला. "ओळखता का या पोराला?"

रापो हा त्या किनाऱ्यावरचा खात्याचा साहेब. त्या खात्याचं लांबलचक सरकारी नाव कुणी घेत नसे, नुसतं 'खातं' म्हटलं तरी समोरच्याचा आवाज खाली यायचा. देश मुठीएवढा, पण खात्याचा कान लागला नाही असं घर नव्हतं. रापो मोठा गोड बोलणारा माणूस. बायकांना मावशी म्हणायचा, म्हाताऱ्यांच्या हाताला हात द्यायचा, आणि ज्याला हात द्यायचा तो माणूस पुढच्या आठवड्यात गावात दिसत नसे.

नाझिकेने बघितलं. छातीत दोन भोकं होती. अंगभर डुकराची चरबी चोपडलेली होती. देशातून पळून समोरच्या ग्रीसच्या कोर्फू बेटाकडे पोहत जाणारे थंडी लागू नये म्हणून चोपडतात तशी. केस मात्र कोरडे होते. पोरगा पाण्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्याची वाट बघत कुणीतरी किनाऱ्यावर आधीच बसलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "नाही ओळखत."

"घाई नाही. जवळ जा. हात लावून बघा हवं तर."

ती जवळ गेली. त्याच्या पायाला हात लावला. "गार आहे बिचारा. कुणाचा कोण जाणे."

तिने 'हो' म्हटलं असतं तर संध्याकाळच्या आत दारात ट्रक आला असता. पळणाऱ्याच्या घरच्यांना दलदलीच्या गावांत नेऊन टाकायचे. तिथे गेलेल्या पोरींशी कुणी लग्न करत नसे, त्यांची पोरंही तिथेच जन्मायची. आणि रविवारी तर मिमोझाचं, तिच्या मुलीचं लग्न होतं. नवरा मुलगा बंदराच्या प्रमुखाचा. असं स्थळ विधवेच्या पोरीला जन्मात एकदा येतं. मेलेल्यासाठी आता काही करता येणार नव्हतं, जिवंत होती ती एकच. एवढा हिशेब नाझिकेने त्या फळीपाशी उभ्याउभ्या केला आणि स्वतःच्याच काळजावर पाय दिला.

"मग पुरून टाकू कुठेतरी? खूणबिण न ठेवता?" रापोने विचारलं.

"तुमची मर्जी, साहेब."

"आणि तुमचा फातोस कसा आहे?"

"उत्तरेला आहे. खाणीत."

"बहिणीच्या लग्नाला येणार ना?"

"रजा मिळाली तर."

"मिळेल हो. मी जातीने बघतो." त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं. "पायरी निसरडी आहे. सांभाळून."

मांजराने पकडलेला उंदीर आपणहून सोडून द्यावा, तसं तिला वाटलं. मांजर उगाच सोडत नाही, हेही तिला ठाऊक होतं. पण त्याला काय हवंय ते काही केल्या कळेना.

घरी येऊन तिने बकलाव्याचा पाक केला. शेजारणी अक्रोड कुटायला येऊन बसल्या होत्या. एकीने चावट गाणं म्हटलं, तेव्हा नाझिका सगळ्यांबरोबर हसली. पण प्रत्येकीच्या तोंडाकडे तिची नजर जाऊन अडकत होती. खात्याला कुणी सांगितलं असेल? ही? की हिचा नवरा? खालच्या अंगाला राहणारा म्हातारा सुलो सारखा पोलिस चौकीत तंबाखू मागायला जातो, तो? शेजारणीच्या हातातली मुसळी हिसकावून तिच्याच डोक्यात घालावी असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तिने साखर आणखी लागेल का म्हणून विचारलं.

मिमोझाला तिने काही सांगितलं नाही. पोरगी झग्याला मणी लावत गुणगुणत होती. लग्न पार पडू दे, मग वर्षभराने सांगू, नाहीतर कधीच नको, असं नाझिकेने ठरवलं. रडायची तर सोयच नव्हती. भिंती पातळ होत्या आणि शेजार चांगला नव्हता.

रविवारी दुपारी वरपक्ष आला. बंदरप्रमुखांची गाडी पुढे, मागे फुलं बांधलेला ट्रक, ट्रकात क्लॅरिनेटवाले. सासू जाडजूड, मानी बाई. ती अंगणात बसते न बसते तोच खात्याची जीप येऊन थांबली. रापो उतरला. त्याच्यामागून नवा कोट घातलेला एक उंच, गोरा पोरगा उतरला.

"मावशी," रापो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमचा फातोस आणला बघा. खाणवाले सोडत नव्हते, मी म्हटलं, बहिणीला निरोप भावाने नाही द्यायचा तर कुणी द्यायचा?"

फातोस काळासावळा होता आणि बापासारखा बुटका. गावातल्या प्रत्येकाने त्याला चड्डीत बघितलेलं होतं. क्लॅरिनेट वाजत राहिलं, पण गावकऱ्यांच्या बाजूला अशी शांतता पसरली की कोंबड्यांचं टोचणं ऐकू यावं.

नाझिका उठली. त्या परक्या पोराच्या गळ्यात पडली, दोन्ही गालांचे मुके घेतले. "किती वाट बघायला लावलीस रे," ती म्हणाली. त्याच्या मानेला सरकारी साबणाचा वास येत होता.

मग सुलो म्हातारा काठी टेकत पुढे आला. त्याने पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फातोस, लेका, खाण मानवली तुला. उंच झालास."

"आणि उजळलास," दुसऱ्याने री ओढली.

"उजळणारच. खाणीत ऊन कुठलं?"

एक जण हसला, मग सगळे हसले आणि पोराच्या हातात राकीचा, तिकडच्या दारूचा, पेला आला. एवढा शहाणपणा तिकडच्या माणसांना आईच्या दुधाबरोबर मिळतो. त्या क्षणी नाझिकेला साऱ्या गावाची किळस आली, आणि स्वतःची सर्वांत जास्त.

एवढ्यात मिमोझा दारात आली. पोरीला आधी काही सांगितलेलं नव्हतं. आता ही ओरडणार, 'हा कोण' म्हणून विचारणार, आणि सगळं मातीत जाणार. मिमोझाने त्या पोराकडे पाहिलं. जराही न दचकता पुढे येऊन त्याचा हात धरला. "आलास, दादा? जेवलास का?"

नाझिकेला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. पण तिला भीती वाटली. ओळख नसलेल्या माणसाला बघून चेहऱ्यावर काहीतरी उमटतंच. पोरीच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा उमटलं नव्हतं.

ओढणी नीट करायच्या निमित्ताने तिने मिमोझाला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. "तुला कसं ठाऊक, हा येणार ते?"

"हळू बोल, आई."

"कसं ठाऊक?"

"तू रागावशील." मिमोझाने तिचे हात हातात घेतले. "दादा गुपचूप आला होता. ऑलिव्हच्या बागेत भेटला मला. म्हणाला, पोहत पलीकडे जातो. मी पाया पडले त्याच्या. म्हटलं, तू जाशील आणि आम्ही दोघी दलदलीत कुजू. ऐकेचना. मग मी रापोंकडे गेले."

नाझिका ओढणीला टाचणी लावत राहिली.

"त्यांनी शब्द दिलाय, आई. तोंडचा नाही, छातीवर हात ठेवून. म्हणाले, किनाऱ्यावरच धरू, सहा महिने आत ठेवू, कागदावर काही येणार नाही. थंडी पडायच्या आत घरी येईल तो. लग्नात बोभाटा नको म्हणून हा माणूसही त्यांनीच दिला. तुला मी नंतर सांगणारच होते."

"आणि बदल्यात?"

"काही नाही गं. महिन्यातून एकदा त्यांच्याबरोबर कॉफी प्यायची. मामंजींकडे कोण येतं-जातं, काय बोलतात, एवढंच."

म्हणजे मांजराला हे हवं होतं. एका बंदरप्रमुखाच्याच घरात खात्याचा कान नव्हता, तो आता झगा घालून निघाला होता. त्यासाठी घराण्यावर डाग नको होता, आणि म्हणून फळीवरच्या पोराला नाव नको होतं. रापोने तिच्याकडून 'नाही' वदवून घेतलं आणि तिला वाटलं, आपण त्याला फसवलं.

"बरं केलं ना मी?" मिमोझाने विचारलं. वीस वर्षांची पोर, डोळ्यांत काजळ, भावाला वाचवल्याचं समाधान तोंडभर.

तिचा गळा दाबावा की तिला पोटाशी घ्यावं, हे नाझिकेला कळेना. फातोसच्या फळीपाशी तिने स्वतःला दगड केलं होतं ते हिच्यासाठी. हिनेच विकला होता त्याला, आणि तेही त्याच्या भल्यासाठी. शेवटी ती एवढंच म्हणाली, "चल, लोक खोळंबलेत." एक तरी सुखाने नांदू दे. गिळून टाकायचं ठरवलंच होतं, ते आणखी एकदा ठरवलं.

निरोपाची वेळ झाली. रीतीप्रमाणे भावाने नवरीचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर आणलं. बाया निरोपाचं गाणं म्हणायला लागल्या. त्या गाण्यावर नवरीने रडायचं असतं. मिमोझा रडेना. तिला रडू येईना. तिच्या मनात सगळं जागच्या जागी होतं, आईचंही आणि भावाचंही.

"डोळे कोरडे आहेत हो नवरीचे," वरपक्षाची एक आत्या म्हणाली. "फार घाई झालेली दिसते."

"आजकालच्या पोरी. माहेर म्हणजे बसथांबा."

सासूचं तोंड उतरलं. न रडता उंबरा ओलांडणारी सून घरात काय दिवे लावणार, हे तिच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं. रापो राकीचा पेला घेऊन हसत म्हणाला, "रडा की हो थोडंसं. आम्ही काय रोज लग्न लावतो?"

मिमोझा ओशाळून हसली आणि आईच्या गळ्यात पडली. कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आई, दादा सुटला की आधी माझ्याकडे पाठव हं. मीच जेवायला घालीन त्याला. मटण करीन."

मटण म्हटलं आणि नाझिकेच्या आत इतके दिवस दाबून धरलेलं काहीतरी तुटलं. तिने पोरीला घट्ट धरलं आणि तिच्या कानात, लेकीला सासरी वागायच्या चार गोष्टी सांगाव्यात तशा आवाजात म्हणाली, "तो सुटला. मंगळवारी मासळीच्या शीतगृहात फळीवर होता. छातीत दोन गोळ्या. केस कोरडे. मला विचारलं, हा तुमचा का. मी नाही म्हटलं, तुझ्यासाठी."

मिमोझाने जी किंकाळी फोडली तिने क्लॅरिनेट थांबलं. ती खाली बसली, दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली, "दादा, दादा" करत कपाळ आपटायला लागली. नव्या कोटातल्या दादाने तिला उठवायला हात घातला तेव्हा ती त्याला चावली. शेवटी तिघांनी तिला उचलून गाडीत घातलं.

सासूचा चेहरा खुलला. "हां, याला म्हणतात रडणं," ती शेजारच्या बाईला म्हणाली. "भावावर काय जीव आहे पोरीचा. घराणं चांगलं आहे." तिने स्वतःही रुमालाने डोळे टिपले आणि क्लॅरिनेटवाल्यांना वाजवा म्हणून खूण केली.

गाडी वळणापलीकडे गेली तरी आवाज ऐकू येत होता. गावकरी एकमेकांकडे न बघता पांगले. रापो तेवढा मागे राहिला. त्याच्या हातातला पेला भरलेलाच होता.

"मावशी," तो म्हणाला, "पोरीच्या कानात काय सांगितलंत?"

"तिचा भाऊ कुठे आहे ते," नाझिका म्हणाली आणि उष्टी ताटं गोळा करायला लागली.