सांग, कसं लागतंय?

मला जेवायला चार मिनिटं पुरतात. पाचवं मिनिट लागलं तर ते डबा धुवायला.

मी ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. एकवीस वर्षं झाली. तिसरी रिंग वाजायच्या आत फोन उचलायचा हा आमचा नियम, आणि तोंडात घास असला तर तो डाव्या गालात सरकवून बोलायचं ही आमची कला. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. हेडफोनचा माइक उजवीकडे असतो. समोरच्याच्या घरात कुणाचा श्वास अडकलाय आणि आपलं चावणं त्याला ऐकू जातंय, हे बरं दिसत नाही.

अशी मी घासाघासानं शहाऐंशी किलोंवर पोचले. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खुर्ची दणकट होती.

पण धाकटीच्या दोन्ही किडन्या चार वर्षांपूर्वी गेल्या. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आम्ही दोघी एकाच घरात राहतो. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशीनमधून फिरून येतं. दिवसभरात तिला मोजून दोन पेले पाणी. संत्रं बंद, मीठ जवळजवळ बंद. माझी किडनी तिला चालेल का, ही तपासणी करायला पहिली तीन वर्षं मी गेलेच नाही. शिफ्ट आहे, रजा नाही, माणसं कमी आहेत. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. धाकटीला ते माहीत होतं आणि तिनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

शेवटी गेले. सगळं जुळलं. सर्जन कागद बघत म्हणाले, "उत्तम. फक्त वजन. अठ्ठ्याहत्तरच्या खाली या. चार महिन्यांनी प्रत्यारोपणाची समिती बसते, त्या सकाळी इथल्याच काट्यावर वजन होईल. ती तारीख चुकली तर पुढची बैठक सहा महिन्यांनी."

धाकटीच्या हातातल्या शिरा आता थकल्या होत्या. सुई टोचायला नर्सबाईंना जागा शोधावी लागायची. सहा महिने हा आकडा मला घरी येईपर्यंत छळत राहिला.

त्यांनी मला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मला वाटलं, आता ही बाई माझ्या तोंडाला कुलूप लावणार. तिनं तसं काही केलं नाही. तिनं त्याहून वाईट केलं.

"हळू जेवा," ती म्हणाली. "वीस मिनिटं. घास तोंडात गेला की चमचा खाली. चावून गिळल्याशिवाय पुन्हा उचलायचा नाही. हातात मोबाइल नाही, समोर टीव्ही नाही. आणि प्रत्येक वेळी वहीत लिहायचं, भूक किती होती. एक ते दहा."

"वीस मिनिटांत आमच्याकडे माणूस मरतो," मी म्हटलं.

"जेवताना तुम्ही फोनवर नसता ना?"



वही मी इमानेइतबारे लिहिली. सवय आहे. आमच्याकडे प्रत्येक फोनची नोंद होते, वेळ, ठिकाण, घटना, कारवाई. तसंच लिहिलं. '१३.०४. टेबल चार. भात, दोन अंडी. कारवाई पूर्ण १३.०८.' भुकेच्या रकान्यात मी दर वेळी 'लागू नाही' असं लिहीत गेले. चमचा खाली ठेवायचा प्रयत्नही केला. ठेवला की पाय हलायला लागायचा, कान फोनकडे, आणि दुसऱ्या क्षणी चमचा परत हातात. महिन्याभरात उतरले चारशे ग्रॅम. तेवढे तर केस कापूनही उतरले असते.

एका गुरुवारी मी धाकटीच्या मशीनजवळ बसले होते. तिचा एक हात सुईला जखडलेला, दुसऱ्या हातात माझी वही. तहान मारायला गालात बर्फाचा खडा.

"ताई, अकरा वीसला सहा बिस्किटं. त्याआधी काय झालं होतं?"

"फोन."

"कसला?"

"एक मुलगा होता. वडील स्वयंपाकघरात पडलेले. गाडी पोचेपर्यंत त्याच्याकडून त्यांची छाती दाबून घेत होते. त्याच्याबरोबर मोजत होते."

"वाचले?"

"आम्हाला कळत नाही. गाडी पोचली की फोन बंद. मग पुढचा."

तिनं पान उलटलं. "आणि पंधरा चाळीसचा केक?"

"भाजलेली बाई."

"सतरा पाचचे चिप्स?"

तो फोन मला आठवत होता आणि आठवायचा नव्हता. धाकटीनं वही मिटली.

"ताई, अख्ख्या वहीत भूक कुठेच नाही गं. प्रत्येक घासामागे कुणाचा तरी फोन आहे."

मला असा राग आला! एकवीस वर्षं माझ्या पोटात काय चाललंय हे हिनं अंथरुणावर पडल्या पडल्या पाच मिनिटांत सांगावं? "मग काय करू, फोन उचलू नको?" मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की पलीकडच्या मशीनवरचे आजोबा जागे झाले.

"उचल की. पण जेवायच्या सुट्टीत मला फोन कर. तू माणसांना विचारतेस तसं मी तुला विचारीन."

दुसऱ्या दिवशी मी हेडबाईंकडे वीस मिनिटं मागितली. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. "एकवीस वर्षांत पहिल्यांदा मागतेयस. मला वाटायचं, तुला पोटच नाही." मग माझ्याकडे आपादमस्तक बघून म्हणाल्या, "म्हणजे, दिसतं तसं, पण तरी."

मागच्या खोलीत मी दार लावलं, मोबाइल स्पीकरवर ठेवला आणि संत्रं सोललं.

"बोला, काय झालंय?" धाकटी अगदी माझ्या आवाजात म्हणाली.

"संत्रं खातेय."

"कसं लागतंय?"

"संत्र्यासारखं."

"बाई, अर्धवट माहिती देऊ नका. गाडी चुकीच्या पत्त्यावर जाईल."

माझंच वाक्य. मी हसले, आणि मग नाइलाजानं तोंडातल्या फोडीकडे लक्ष दिलं. दाराबाहेर रिंग वाजत होती. एक. दोन. कुणीतरी उचलली. माझा पाय हलतच होता.

"आधी आंबट," मी म्हटलं. "मग गोड, पण थोडंच. एक बी आहे, चावली गेली, कडू. बोटांना सालीचा वास येतोय. फोड फुटली की रस एकदम येत नाही, थोडा थोडा येतो."

पलीकडून तिचा आवंढा गिळल्याचा आवाज आला. चार वर्षं तिनं संत्रं तोंडात घातलं नव्हतं. मला रडू फुटलं, आणि रडत रडत संत्रं खाता येत नाही, म्हणून थांबावं लागलं.

"थांबलीस का?" ती म्हणाली. "अजून सात फोडी असतील. सांग."

तेव्हापासून रोज. भात कसा लागतोय, अंड्याचा पिवळा भाग घशाला चिकटतो का, पाव शिळा आहे का. मोठा फोन झाला की हात बिस्किटांकडे जायचाच. मग मी आधी तिला फोन करायचे. कधी ती विचारायची, "भूक आहे की तो मुलगा आहे?" बहुतेक वेळा मुलगाच असायचा. मग त्याच्याबद्दल बोलायचे. कधी कधी बोलूनही बिस्किटं खाल्लीच, खोटं कशाला सांगू. पण सहाची दोन झाली. चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, एकोणऐंशी. आणि तिथे काटा रुतून बसला. शेवटचा आठवडा आला तेव्हा घरच्या काट्यावर मी अठ्ठ्याहत्तर आणि थोडी अशी होते.

ते थोडं कसं घालवायचं, हे मला माहीत होतं. आदल्या दुपारपासून मी पाणी बंद केलं.

सकाळी धाकटी समोर येऊन बसली. माझे कोरडे ओठ तिनं लगेच ओळखले. तिच्याशिवाय कोण ओळखणार!

"पाणी प्यायलीस?"

"हो."

"ताई."

"दोन तासांचा तर प्रश्न आहे. नंतर पिईन."

ती उठली. भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली आणि काठोकाठ भरलेले दोन पेले घेऊन आली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "मी चार वर्षं घोटघोट मोजतेय. मला मिळत नाही म्हणून. आणि तू घरात पाणी असून तहानलेली बसतेस? माझ्यासाठी? मला असली किडनी नको. पी. माझ्यासमोर पी. हळू."

मी प्यायले. ती प्रत्येक घोटाकडे बघत होती.

"कसं लागतंय?"

"गार," मी म्हटलं. "दातांना लागतंय. मग काही नाही. मग छातीत खाली खाली जाताना कळतंय."

तिनं डोळे मिटले होते.

हॉस्पिटलच्या काट्यावर आकडा आला अठ्ठ्याहत्तर पूर्णांक दोन. मी धाकटीकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर पळून गेली असती. नर्सबाईंनी पेन उचललं, माझा चेहरा बघितला आणि ठेवलं. "बारापर्यंत नोंद करायची आहे. बाथरूमला जाऊन या हवं तर."

साडेदहा वाजले होते. बाकावर बसलो. माझा पाय हलतोय, धाकटी घड्याळ बघतेय.

"आली का?"

"नाही."

पाच मिनिटांनी, "आता?"

"अगं, मागवून येते का ती!"

अकरा दहाला मी उठले. परत आले, काट्यावर चढले. सत्त्याहत्तर पूर्णांक नऊ. नर्सबाईंनी आकडा लिहिला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "झालं."

मी बाकावर धपकन बसले. धाकटी जवळ सरकली. तिला स्वतःला लघवी होऊन तीन वर्षं झाली होती, हे मला तेव्हा आठवलं. तिनं हात माझ्या पाठीमागे नेला, डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, कुठली किडनी घेणार ते दाखवायला सर्जननी खूण केली होती तिथे, आणि तळवा टेकवून ठेवला.

"चांगली आहे गं," ती म्हणाली. "कामाला चोख आहे."