लाल खूण

खंडेनवमीला राहीबाईनं नावेची पूजा केली ती अगदी मन लावून. वल्ही धुतली, जाळ्याला हळद लावली आणि नावेवरच्या दिव्याची बॅटरी पाटावर ठेवून तिच्यावरच्या, तारा जोडायच्या दोन्ही खांबांना बोटभर कुंकू फासलं. देव खूश झाला असेल. पण दसऱ्याच्या दुपारी लाइट आली, राहीबाई चार्जर घेऊन बॅटरीपुढे बसली आणि बसूनच राहिली.

चार्जरचा लाल चिमटा लाल खुणेच्या खांबाला, काळा दुसऱ्याला, एवढंच तिला ठाऊक. नवऱ्यानं, चंपतनं, एका खांबाला लाल रंग लावून ठेवला होता. आता दोन्ही लाल. तिनं ओल्या फडक्यानं खसाखसा घासलं, तर कुंकवाबरोबर रंगाचे जुने पोपडेही निघाले. आता एकही लाल नाही. चिमटे उलटे लागले तर बॅटरी कामातून जाते, हे तिनं ऐकलेलं.

उद्या चंपत मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आदिलाबादला जाणार होता. तो परत येईपर्यंत नाव कोणाकडे, यावरून घरात धुसफूस चालली होती. धाकटा दीर फकिरा म्हणे, पैनगंगेत बाईच्या हाती नाव देऊ नये. राहीबाई तर बापाच्या नावेतच वाढलेली. तिला ती नाव हवी होती, मनापासून हवी होती. आणि आजच बॅटरीचं वाटोळं झालं तर बोलायला तोंड उरणार नव्हतं.

"काय करून राह्यल्या वैनी?" बिडी ओढत फकिरा आला.

"भावजी, लाल खांब कोणता वो?"

फकिरा वाकला. "डाव्या हाताचा."

"पूजेत मी बॅटरी फिरवली होती."

"मंग उजव्या हाताचा. नाय, थांबा." त्यानं बॅटरीभोवती एक चक्कर मारली आणि डोकं खाजवत उभा राहिला. एकाच्या जागी दोघं गोंधळले, एवढाच फरक पडला.

शेवटी राहीबाईनं अभिमान गिळून चंपतला हाक मारली आणि खूण पुसल्याचं सांगितलं. तो भिंत चाचपत बाहेर आला.

"फकिरा, पयले बिडी टाक. चार्ज होताना बॅटरीतून गॅस निघते, भडकन."

मग त्यानं राहीबाईचा हात धरून दोन्ही खांबांवरून फिरवला. "जाड कोणता हाय?"

तिनं पुन्हा चाचपून पाहिलं. "हा."

"त्याले लाल चिमटा. दोन्ही लावून झाले की मंग बटन."

तिनं तसंच केलं. चार्जरचा काटा हलला. राहीबाईच्या जिवात जीव आला, पण डोक्यातला गुंता सुटेना.

"अजी, मंग रंग काऊन लावला होता?"

"मले नाय लागत रंग. दोन वर्सं झाली, मी बोटांनंच वळखतो." चंपत ओसरीवर टेकला. "फकिराच्या ध्यानात राहत नाय, म्हणून त्याच्यासाठी लावला."

फकिरा विझलेल्या बिडीकडे पाहत राहिला. राहीबाईला हसू आलं आणि त्याच्याबद्दल वाईटही वाटलं.

"फकिरा," चंपत म्हणाला, "वल्ही वैनीजवळ देजो."